तीन दिवसांत पचेल तेवढंच

सांडपाण्याचा नवा प्रकल्प सुरू करायला आमच्या नगरकडे काय काय लागतं, ते इंजिनिअरिंगच्या पुस्तकात सापडत नाही. गाईचं ताजं शेण, गूळ, थोडा युरिया, थोडं डीएपी. आणि आसपासच्या एखाद्या चालू प्रकल्पातून टँकरभर गाळ मिळाला तर सोन्याहून पिवळं. शेणातून जिवाणू येतात, गुळावर पोसतात, युरिया-डीएपीतून त्यांना नत्र आणि स्फुरद मिळतं. ब्लोअरने खालून हवा मारत राहिलं की काही दिवसांनी गढूळ पाण्याला तपकिरी रंग चढायला लागतो. पर्यावरणशास्त्रात एमएस्सी करून जिल्ह्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या एसटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पावर, मी केमिस्ट म्हणून लागले, तेव्हा यातलं मला काहीही ठाऊक नव्हतं. शिकवलं ते मामांनी.

मामा म्हणजे आमचे ऑपरेटर. आधी एका साखर कारखान्याच्या ईटीपीवर (सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर) होते, तिथून निवृत्त होऊन इकडे आलेले. सकाळी आल्या आल्या एरेशन टँकवर वाकून वास घ्यायचे. "मॅडम, आधी नाक लावा, मीटर मागून." वास मातकट असला की ठीक. मग लिटरच्या मेजरिंग सिलिंडरमध्ये टाकीतलं पाणी भरून अर्धा तास ठेवायचं आणि गाळ किती बसतो ते बघायचं. पांढरा फेस आला तर टाकी अजून कोवळी, काळपट तेलकट साय आली तर गाळ म्हातारा. हे त्यांचं निदान बहुतेक वेळा माझ्या प्रयोगशाळेच्या आकड्यांशी जुळायचं, आणि माझे आकडे दुपारनंतर यायचे.

जिवाणूंच्या गाळाने पाणी साफ करण्याच्या या पद्धतीचं मूळ १९१४ सालच्या मँचेस्टरमध्ये आहे. आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी सांडपाण्यात हवा सोडली, तळाशी बसलेला गाळ न फेकता त्यावरच पुढचं सांडपाणी ओतलं, आणि असं पुन्हा पुन्हा केल्यावर पाणी साफ व्हायला लागणारा वेळ कमी कमी होत गेला. आजही आपण तेच करतो. जिवाणू सांभाळायचे, जरा भुकेले ठेवायचे, फार वाढले की थोडे काढून टाकायचे.

आमच्या कामाचा निकाल मुख्यतः एका आकड्यावर लागायचा, तो म्हणजे बीओडी. जैव-वैद्यकीय कचऱ्याच्या २०१६च्या नियमांत रुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला बीओडीची मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे, सीओडीची, म्हणजे रसायनाने सगळं जाळायला लागणाऱ्या प्राणवायूची, २५०. बीओडीची बाटली आपल्याकडे २७ अंश तापमानात तीन दिवस ठेवतात. त्या तीन दिवसांत जिवाणूंनी किती प्राणवायू वापरला ते मोजायचं. म्हणजे तीन दिवसांत जिवाणूंना जेवढं पचेल तेवढंच या परीक्षेत दिसतं. ज्याला ते तोंडच लावत नाहीत, ते बीओडीच्या हिशेबी पाण्यात नाहीच. शिवाय रुग्णालयाच्या पाण्यात उतरणारी औषधं असतात मायक्रोग्रॅममध्ये, मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात. सीओडीत ती मोजली जातात खरी, पण त्या गर्दीत ओळखू येत नाहीत.

त्याच नियमांत आणखी एक कसोटी आहे आणि ती मला फार आवडायची. शुद्ध केलेल्या पाण्यात, त्यात काही न मिसळता, मासे सोडायचे. ९६ तासांनी त्यांतले ९० टक्के जिवंत असले पाहिजेत. मासे जगले की सगळ्यांना बरं वाटायचं. पुढे वाचनात कॅनडाचा एक प्रयोग आला. तिथल्या शास्त्रज्ञांनी एका तळ्यात २००१ पासून तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळीतलं संप्रेरक सोडलं होतं, लिटरला फक्त पाच-सहा नॅनोग्रॅम. मासे तडफडून मेले नाहीत. पण नरांमध्ये मादीची लक्षणं आली, पिल्लं होईनाशी झाली, आणि त्या तळ्यातली फॅटहेड मिनो ही मासोळी जवळजवळ संपली. हा निकाल २००७ साली छापून आला. आमची माशांची परीक्षा चार दिवसांची होती.

औषधांचा विषय माझ्याकडे आला तो संसर्ग नियंत्रण समितीच्या बैठकीतून. जंतू औषधांना दाद देईनासे झालेत यावर चर्चा चालू होती. एका डॉक्टरांनी सहज विचारलं, "आपण एवढी प्रतिजैविकं देतो, ती तुमच्या टाकीत येऊन मरतात ना?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, वाचून सांगते. पातळी मोजायची तर मास स्पेक्ट्रोमीटर लागतो, तो आमच्याकडे असण्याचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्यांनी मोजलेलं वाचायचं आणि आपल्या टाकीशी ताडून बघायचं, एवढंच हातात होतं.

वाचायला लागल्यावर कळलं की जगालाही हे उशिराच कळलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये काही रसायनज्ञ नळाच्या पाण्यात तणनाशकं शोधत होते. त्यांना सापडलं क्लोफायब्रिक आम्ल, म्हणजे रक्तातली चरबी कमी करणाऱ्या औषधाचं शरीरातून बाहेर पडलेलं रूप. एका तणनाशकाशी त्याची रचना इतकी मिळतीजुळती की त्याच चाचणीत ते हाताला लागलं. त्यानंतर १९९८ साली जर्मनीतल्या सांडपाणी प्रकल्पांची मोठी पाहणी आली आणि शोधलेल्या औषधांपैकी ८० टक्क्यांहून जास्त औषधं कुठल्या ना कुठल्या प्रकल्पाच्या शुद्ध केलेल्या पाण्यात निघाली.

पण सगळी औषधं सारखी वागत नाहीत, आणि खरी मजा तिथेच आहे.

पॅरासिटामॉलचं काम सोपं. पावसाळ्याच्या शेवटी डेंग्यू, चिकनगुन्याची साथ आली की वॉर्डात याच्या गोळ्यांना सुमार नसतो. यकृत त्याला साखरेचं नाहीतर गंधकाचं शेपूट जोडून लघवीवाटे बाहेर काढतं. टाकीतले जिवाणू ते शेपूट तोडतात आणि उरलेलं खाऊन टाकतात. नीट चालणाऱ्या प्रकल्पात शंभरातले पंच्याण्णव भाग तरी जातात. आयबुप्रोफेनचंही जवळपास तसंच, फक्त गाळ अगदी कोवळा असून चालत नाही.

मेटफॉर्मिनचं सांगताना मामा समोर होते. त्यांना स्वतःला साखर, दोन वेळा गोळी. ही गोळी शरीर बदलतच नाही, मूत्रपिंडं तिला आहे तशी बाहेर टाकतात, हे ऐकून त्यांनी विचारलं, "म्हंजे माझीच गोळी माझ्याच टाकीत येती का?" येते, मामा. टाकीत जिवाणू तिची मोडतोड करतातही, पण अर्ध्यावर सोडतात. ग्वानिल्युरिया नावाचा एक तुकडा उरतो आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात तो बऱ्याचदा मूळ औषधापेक्षा जास्त असतो. मेटफॉर्मिन गेलं म्हणून टक्केवारी लिहिली तर सुंदर दिसेल. मामांना ते पटलं नाही. "मंग गेली कुठं? नाव बदललं निस्तं."

डायक्लोफेनॅकचा मार्ग आणखी वेगळा. गोळ्या आहेतच, पण आपल्याकडे गुडघ्याला, कंबरेला चोळायची मलमं केवढी खपतात. उसाच्या तोडीवरून आलेली माणसं, कांद्याच्या लागणीला दिवसभर वाकलेल्या बाया, सगळ्यांच्या घरात एक ट्यूब असतेच. त्या मलमातल्या औषधाचे शंभरातले सहाएक भाग कातडीतून आत जातात. बाकीचं अंघोळीच्या पाण्यात, नाहीतर कपड्यांबरोबर धुणीभांड्याच्या मोरीत. जैविक प्रक्रियेत ते कुठे पाचवा हिस्सा कमी होतं, कुठे निम्मं. आपल्या जिल्ह्यात तर हे औषध पूर्वी गोठ्यातून जास्त गेलं. दुधाचा जिल्हा, गाय लंगडली की डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन ठरलेलं. मेलेल्या जनावरांतून ते गिधाडांना मारतं हे २००४ साली सिद्ध झालं, २००६ साली जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. गोठ्यातलं पाणी कुठल्याच एसटीपीवर येत नाही, ते उकिरड्यात आणि तिथून शेतात जातं. हा विषय माझ्या कक्षेबाहेरचा, पण जिल्ह्यातल्या औषधांचा हिशेब रुग्णालयाच्या गटारापाशी संपत नाही एवढं म्हणून पुढे जाते.

सगळ्यात चिवट कार्बामाझेपीन, अपस्माराचं औषध. भातातला खडा म्हणा. जिवाणू त्याच्याभोवतीचं सगळं खातात आणि त्याला तसंच ठेवतात. शंभरातले दहा भागही कमी होत नाहीत. उलट, आत येणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेर जाणाऱ्या पाण्यात ते जास्त सापडल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, नमुन्यांच्या बाटल्यांची अदलाबदल झाली असणार. पण कारण साधं आहे. शरीराने शेपूट जोडून पाठवलेलं औषध आत येताना चाचणीला ओळखू येत नाही. टाकीत शेपूट तुटतं आणि मूळ औषध परत उघडं पडतं.

आणि ज्यांच्याबद्दल डॉक्टरांनी विचारलं होतं ती सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविकं? पाण्यातून बरीचशी जातात. आकडा बघून कुणीही खूश होईल. पण जिवाणूंनी खाल्ली म्हणून ती कमी झालेली नसतात. बहुतांश भाग गाळाला चिकटून बसलेला असतो. तिथे, जिवाणूंच्या दाटीतच, ती थांबतात. हे बैठकीत सांगितलं तेव्हा त्या डॉक्टरांचा चेहरा उतरला. हैदराबादजवळच्या पाटणचेरूचं उदाहरण त्यांना माहीत होतं. तिथे औषध कारखान्यांच्या सामायिक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडलं होतं, गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात असतं त्याच्याही कितीतरी पट. २००७ साली ते प्रसिद्ध झालं. औषध कारखान्यांच्या पाण्यातल्या प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा केंद्राने जानेवारी २०२० मध्ये काढला. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना आली तेव्हा त्या मर्यादा त्यात नव्हत्या. रुग्णालयांचा तर त्यात उल्लेखच नव्हता.

गाळावरून आठवलं. आमचे गाळ वाळवायचे वाफे भरले की आजूबाजूचे शेतकरी ट्रॉली घेऊन हजर. काळंभोर, भुसभुशीत, वास नसलेलं खत फुकट मिळतंय तर कोण सोडेल? नियम असा आहे की रुग्णालयाच्या ईटीपीचा गाळ जाळायला किंवा घातक कचऱ्याच्या केंद्राकडे द्यायचा. मी नाही म्हणाले की ते मामांकडे जायचे. "मामा, पाव्हणं, तुम्ही तरी सांगा मॅडमला." मामांनी त्यांना सिप्रोचं काही सांगितलं नाही. "दवाखान्याचं हाय ते, घासात घालशील अन् गायीला चारशील?" एवढ्यावर ते परत गेले.

आता जिवाणूंच्या वयाचं सांगते, कारण माझ्या हातात असलेली हीच एक कळ होती. गाळ टाकीत सरासरी किती दिवस राहतो, ते त्याचं वय. रोज भरपूर गाळ काढून टाकला तर टाकीत तेच जिवाणू टिकतात जे भराभर वाढतात आणि सोपं खाणं खातात. बीओडी त्यांनीही भागतो. पण सावकाश वाढणारे, अवघड रेणूंना हात घालणारे, त्यांना दहा-पंधरा दिवस तरी राहू द्यावं लागतं. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू याच जातीचे, आणि ते काम करता करता काही औषधंही मोडतात. म्हणून माझ्यासारख्या यंत्र नसलेल्या माणसाला एक खूण मिळते: बाहेरच्या पाण्यात अमोनिया नाहीसा झाला असेल तर टाकीत म्हातारे-कोतारे जिवाणू शाबूत आहेत. नेसलर रसायनाची साधी चाचणी, पिवळा रंग दिसतो की नाही ते बघायचं.

मी ती रोज करायला लागले आणि एका उन्हाळ्यात रंग चढायला लागला. बीओडी उत्तम, मासे जिवंत, वास ठीक, आणि अमोनिया वाढतोय. मामांनीच शोधलं. विजेचं बिल कमी करायला कुणीतरी ब्लोअरला टायमर लावून दिला होता. रात्री तो तासन् तास बंद. एसटीपीच्या बिलात सगळ्यात मोठा वाटा ब्लोअरचा, तेव्हा बचत शोधणारा माणूस तिथेच येणार. भराभर वाढणारे जिवाणू सकाळी हवा मिळाली की पुन्हा कामाला लागतात. सावकाशवाल्यांना ते झेपत नाही. टायमर निघेपर्यंत माझी बरीच पत्रं गेली, आणि प्रत्येकाला उत्तर एकच: बीओडी तर मर्यादेत आहे.

कोरोनाच्या काळात उलटा प्रकार झाला. जिथे तिथे हायपोक्लोराइट. फरशी, बादल्या, संडास, सगळं त्यानेच धुतलं जायचं आणि ते थेट आमच्याकडे. टाकी अक्षरशः पांढरी पडली. पुन्हा शेण, पुन्हा गूळ. त्या दिवसांत ॲझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन, आयव्हरमेक्टिन यांचं जे काही पाण्यात आलं असेल, ते टाकी पांढरी होती तोवर तसंच पुढे गेलं असणार.

तो 'पुढचा' रस्ताही सांगायला हवा. आमचं शुद्ध केलेलं पाणी फ्लशला आणि बागेला वापरलं जायचं, उरलेलं ओढ्यात. ओढा प्रवरेला मिळतो. प्रवरेत मुळा येते, प्रवरासंगमला प्रवरा गोदावरीत जाते, आणि तिथेच जायकवाडीचा फुगवटा सुरू होतो. छत्रपती संभाजीनगर तेच पाणी पितं. दुष्काळी वर्षात वरच्या धरणांतून जायकवाडीला किती पाणी सोडायचं यावरून नगर-नाशिक आणि मराठवाडा यांच्यात केवढी भांडणं होतात! कोर्टकचेऱ्या होतात, रास्ता रोको होतो. सगळा वाद टीएमसीत. पाण्यातून काय येतं हे विचारणारा मोर्चा मी पाहिलेला नाही.

आमच्याकडून ओढ्यात कमी जावं म्हणून एक गोष्ट झाली, आणि तीही टाकीच्या बाहेर. वॉर्डात प्रतिजैविकाची बाटली अर्धी वापरून उरली की बेसिनमध्ये ओतायची पद्धत होती. शरीरातून न जाता, अख्खंच्या अख्खं औषध गटारात. त्या डॉक्टरांनी आणि हेड सिस्टरनी मिळून ते बंद केलं. उरलेल्या बाटल्या जैव-वैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जायला लागल्या. नियम आधीपासून तोच होता. सिस्टर म्हणाल्या, "आम्हाला वाटायचं, खाली एवढा मोठा प्लान्ट आहे, तुम्ही बघून घ्याल."

आणि मग कार्बन फिल्टर. स्वित्झर्लंडने २०१६ पासून कायद्याने ठरवलं की मोठे आणि मोक्याचे साधारण शंभर प्रकल्प निवडून त्यांना ओझोनची किंवा सक्रिय कोळशाची जोड द्यायची, म्हणजे कार्बामाझेपीन, डायक्लोफेनॅकसारखी ठरवून दिलेली द्रव्यं ८० टक्के तरी कमी झाली पाहिजेत. युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशात मोठ्या शहरांसाठी तेच आणलं, आणि या जोडप्रक्रियेचा, म्हणजे शुद्धीकरणाच्या चौथ्या टप्प्याचा, निदान ८० टक्के खर्च औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्या कंपन्यांनी द्यावा असं म्हटलं. हे वाचलं आणि मी उठून आमच्या प्लान्टच्या मागच्या बाजूला गेले. तिथे वाळूच्या फिल्टरशेजारी निळ्या रंगाची एक उभी टाकी होती. तीच ती! आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक एसटीपीत असते. आराखड्यात असते, परवान्यात असते. आत नारळाच्या करवंटीचा कोळसा. तो बसवल्यापासून कुणी बदललेला नव्हता. गच्च होऊन दाब वाढायला लागला तेव्हापासून बायपासचा व्हॉल्व्ह उघडा होता.

कोळसा भरला की त्याचं शोषण संपतं, हे साधं आहे. बदलायला पैसे लागतात, हेही. मी मागणी टाकली. खरेदी विभागाचा शेरा आला: 'कोळसा बदलल्याने बीओडी किती कमी होईल?' मी खरं ते लिहिलं, फारसा फरक पडणार नाही. फाइल थांबली. औषधांबद्दल जोडलेली टिपणं कुणी वाचली असतील असं वाटत नाही, आणि त्यांना तरी दोष कसा देऊ? ज्याची मर्यादाच कुठल्या कागदावर नाही, त्याच्यावर खर्च कशाच्या आधारावर मंजूर करायचा?

पुढच्या एप्रिलमध्ये विहिरी आटल्या, टँकर सुरू झाले, आणि फ्लशला सगळं पाणी आमचंच जायला लागलं. खासगी खोल्यांमधून तक्रार आली की कमोडमधलं पाणी पिवळट दिसतं. आठवड्याच्या आत कोळसा आला.

बायपास बंद केला, नवा कोळसा धुऊन भरला. फिल्टरच्या आधीचं आणि नंतरचं पाणी घेऊन मी एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत गेले. तिथल्या साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २५४ नॅनोमीटरला अतिनील प्रकाश किती शोषला जातो ते पाहिलं. हे काही औषधाचं मोजमाप नाही. पण कोळशात कार्बामाझेपीनसारखे रेणू अडकतायत की निसटतायत याचा अंदाज या एका आकड्यावरून घेता येतो, परदेशातही घेतात. नव्या कोळशानंतर तो आकडा चांगलाच खाली आला होता. मामांनी रजिस्टरमध्ये नवा रकाना आखला. वर काय लिहू म्हणाले, तर 'यूव्ही' लिहा म्हटलं.

दिवाळीच्या सुमारास पाणी डोळ्यांना अजून नितळ दिसत होतं. यूव्हीच्या रकान्यातला आकडा मात्र चढत चढत जुन्या जागेजवळ येऊन पोचला. मी कोळशाची नवी मागणी भरली. कारणाच्या जागी काय लिहायचं ते मामांनी आधीच सुचवून ठेवलं होतं, आणि मी तेच लिहिलं: पाण्याचा रंग.